आठव्या आठवड्यातल्या तपासण्या : कोणती आधी करावी, कोणती थांबू शकते?

ऐरोलीकरीण :
नमस्कार. मला आठवा आठवडा सुरू आहे आणि हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. सोमवारी सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले आणि निघताना डॉक्टरांनी तपासण्यांचा छापील कागद हातात दिला. त्यावर रक्तगट, एचआयव्ही, व्हीडीआरएल, एचबीएसएजी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि लघवी यांच्यापुढे खुणा आहेत. सर्वांत खाली मात्र पेनाने 'एचपीएलसी, पतीचीही' असे लिहून त्याभोवती दोनदा गोल केला आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आधीच झाली होती. त्यात हिमोग्लोबिन १०.४ आणि एमसीव्ही ६८ आले आहे. बाहेर खूप गर्दी असल्यामुळे मला नीट विचारता आले नाही. यातले काही पुढच्या महिन्यात केले तर चालेल का? एचआयव्हीचे नाव वाचून घरचे थोडे बावरले आहेत आणि पतीचे रक्त कशाला हवे, हे कोणालाच कळत नाही. शिवाय पुढच्या महिन्यातल्या डबल मार्कर या रक्ततपासणीतून बाळात दोष आहे की नाही, हे नक्की कळते का?

कळव्याच्या सिस्टर :
मी अनेक वर्षे पालिका रुग्णालयाच्या गरोदर मातांच्या ओपीडीत काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या कागदावर ज्या तपासणीभोवती गोल आहे, तीच सर्वांत आधी करा.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचे सरासरी आकारमान. ते ८० च्या खाली गेले की मुख्यतः दोन शक्यता असतात : लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणे. वाहक व्यक्तीला सहसा कसलाही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजले जातात आणि त्यातला एचबीएटू हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर आला, तर बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व धरले जाते. पती-पत्नींपैकी एकच वाहक असेल, तर बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याचा धोका जवळजवळ नसतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात तो चारात एक इतका असतो. अशा वेळी अकराव्या आठवड्यानंतर वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. तिच्याआधी दोघांचे अहवाल, समुपदेशन आणि दोघांच्या रक्ताची जनुकीय तपासणी व्हावी लागते, हे लक्षात घेतले तर आठव्या आठवड्यातला प्रत्येक दिवस मोलाचा आहे, आणि म्हणूनच डॉक्टरांनी पतीचे रक्तही सोबतच मागितले आहे. सिंधी, पंजाबी, गुजराती, कच्छी समाजांत हे प्रमाण अधिक असते, पण 'आमच्यात नसते' असे कोणत्याही मराठी घराने गृहीत धरू नये.

एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी या काविळीसाठी) या तपासण्या प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी सांगितल्या जातात. त्यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्नच नाही. हे तिन्ही आजार आईकडून बाळाकडे जाऊ शकतात आणि वेळेवर कळले तर बाळाला बऱ्याच अंशी वाचवता येते, इतके साधे कारण आहे. रक्तगट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून पुढे अँटी-डी इंजेक्शनची वेळ ठरवावी लागते.

साखरेच्या तपासणीत बहुतेक ठिकाणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी राहण्याची अट नसते. १४० किंवा त्याहून अधिक आल्यास पुढचे उपचार ठरतात, कमी आल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तीच तपासणी पुन्हा होते. तुम्हाला मळमळ असेल, तर ते पाणी घटाघट न पिता पाच-दहा मिनिटांत सावकाश प्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी करावी लागते.

हे सारे एकाच वेळच्या रक्तात आणि लघवीत भागते, त्यामुळे दोन टप्पे करू नका. खर्चाची अडचण असेल, तर यातल्या बहुतेक तपासण्या पालिकेच्या आणि शासकीय रुग्णालयांत होतात. नाव लवकर नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या.

घोडबंदरवासी :
डबल मार्करविषयी मी लिहिते, कारण त्या अहवालाने माझे दहा दिवस अन्नपाणी गोड लागू दिले नव्हते. माझ्या अहवालावर लाल अक्षरांत 'हाय रिस्क, १:२१०' असे होते आणि प्रयोगशाळेतल्या मुलीने फोनवर फक्त 'रिपोर्ट चांगला नाही, डॉक्टरांना भेटा' एवढेच सांगितले. त्या वाक्याचा राग मला अजून आहे. १:२१० याचा अर्थ असा की, असाच अहवाल असलेल्या २१० स्त्रियांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असू शकतो आणि २०९ जणींच्या बाळांना तो नसतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. मी पुढे एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी) केली, ती कमी धोक्याची आली. पण तीही चाळणीच. तिच्यात धोका दिसला, तर गर्भजल किंवा वारेच्या नमुन्याच्या तपासणीवाचून निष्कर्ष काढत नाहीत.

एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी) ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच होते, म्हणून तारीख आजच घ्या. जाताना ओळखपत्र न्या. 'एफ' फॉर्मवर तुमची सही घेतात, त्याने गोंधळू नका. लिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार ती नोंद प्रत्येकीची होते. डबल मार्करच्या कागदावर वय, वजन आणि सोनोग्राफीतील माप बरोबर लिहिले आहे ना, हे स्वतः वाचून पाहा, कारण धोक्याचा आकडा त्यावरूनच काढला जातो.

खाडीकिनारा :
सिस्टरांच्या म्हणण्याला माझ्या वहिनीच्या अनुभवाची जोड देतो. तिची एचपीएलसी पहिल्या डॉक्टरांनी सांगितलीच नाही आणि एकोणिसाव्या आठवड्यात दोघेही वाहक निघाले. गर्भजल तपासणीचा अहवाल येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. बाळ केवळ वाहक निघाले, ती आज पाच वर्षांची आहे. पण तोच अहवाल दोन महिने आधी हाती येऊ शकला असता.

ऐरोलीकरीण :
सर्वांचे मनापासून आभार. उद्या सकाळी दोघेही रक्त देऊन येतो. सासूबाईंना सिस्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास बसावे लागेल, म्हणून त्या स्वतः सोबत येणार आहेत. एनटीची वेळ बाराव्या आठवड्यातली मिळाली आहे. एचपीएलसीचा अहवाल आला की इथे लिहीन.