बोलण्याची लय बाळाच्या मेंदूला शब्दांआधी कळते का?

प्रश्न (नव्या आईकडून, श्टुटगार्ट)

आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण मी गरोदरपणातही नोकरीवर दिवसभर जर्मन बोलत होते आणि थोड्याच महिन्यांत ती इथल्या पाळणाघरात जाईल. सध्या सासूबाई इथे आल्या आहेत. त्या तिला मांडीवर घेऊन ओव्या म्हणू लागल्या की ती कितीही रडत असली तरी थांबते आणि त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहते. "तिला शब्द नाही, ठेका कळतो," असे त्या म्हणतात. हे खरे असेल, तर त्या वेळी मेंदूत नेमके काय घडत असते? दुसरी काळजी अशी की, नात्यातल्या एका डॉक्टरांनी पहिली तीन वर्षे घरात एकच भाषा बोलण्याचा सल्ला दिला आहे. दोन भाषांच्या दोन वेगळ्या लयींमुळे बाळाचा खरोखरच गोंधळ होतो का?

उत्तर १ (ध्वनिविज्ञानाची अभ्यासक, पुणे)

ताई, तुमच्या सासूबाईंचे म्हणणे योग्य आहे आणि त्याची सुरुवात जन्माआधीच झालेली असते. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून गर्भाला ऐकू येऊ लागते, परंतु पोटाच्या आवरणांतून आणि गर्भजलातून जाताना उंच स्वरांचे ध्वनी गाळले जातात. शेजारच्या खोलीतले बोलणे भिंतीपलीकडून ऐकावे तसे ते असते: शब्द कळत नाहीत, पण बोलणारा कुठे थांबला, कुठे आवाज चढला आणि कोणते अक्षर लांबवले, हे कळते.

पॅरिसमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये हीच परिस्थिती मुद्दाम निर्माण केली. 400 हर्ट्झच्या वरचे सारे ध्वनी काढून टाकलेली वाक्ये त्यांनी काही दिवसांच्या फ्रेंच बाळांना ऐकवली आणि बाळे चोखणी किती जोमाने चोखतात ते मोजले. ऐकलेले नवे वाटले की बाळाचे चोखणे वाढते. इंग्रजी आणि जपानी या वेगळ्या लयीच्या भाषांमधला फरक बाळांनी ओळखला, मात्र लयीने जवळच्या इंग्रजी आणि डच या भाषांमधला फरक त्यांना ओळखता आला नाही. दोन्ही वेळा भाषा अनोळखीच होत्या, त्यामुळे हा निकाल मला फार बोलका वाटतो.

मेंदूपुरते सांगायचे, तर बोलण्याचा आवाज सतत कमीजास्त होत असतो आणि श्रवणकेंद्रातली विद्युत्-क्रिया त्या चढउतारांमागे चालते. जोर दिलेली अक्षरे साधारण सेकंदाला दोनदा येतात, तर सगळी अक्षरे मोजली तर सेकंदाला चार-पाच भरतात. केंब्रिजमध्ये उषा गोस्वामी यांच्या गटाने चार, सात आणि अकरा महिन्यांच्या बाळांना बालगीते ऐकवून ईईजी (डोक्यावर लावलेल्या पट्ट्यांतून मिळणारा मेंदूतल्या विद्युत्-लहरींचा आलेख) नोंदवले, तेव्हा या वयांत मेंदू संथ लहरींचा, म्हणजे जोराच्या ठेक्याचा, मागोवा जास्त ठळकपणे घेतो असे दिसले. सुट्या ध्वनींची, जसे प आणि ब यांच्यातल्या भेदाची, नोंद त्याच प्रकल्पात सातव्या महिन्यापासून हळूहळू उमटू लागली. आपण बाळाशी नकळत ज्या लाडिक, हेल काढलेल्या सुरात बोलतो, त्यातही हा संथ ठेका मोठ्यांशी बोलण्यापेक्षा अधिक स्पष्ट असतो.

उत्तर २ (वाचा-उपचारतज्ज्ञ, नाशिक)

वरील उत्तरात भर घालते, कारण तुम्ही जर्मनीत आहात आणि तुमच्या मुलीच्या वयाचा एक प्रयोग तिथलाच आहे. लाइप्त्सिग आणि पॅरिस येथे 2007 मध्ये चार-पाच महिन्यांच्या बाळांना "बाबा" असे दोन अक्षरी निरर्थक शब्द ऐकवण्यात आले. कधी पहिल्या अक्षरावर जोर होता, तर कधी दुसऱ्या. जर्मन बाळांचा मेंदू दुसऱ्या अक्षरावरच्या जोराने अधिक चमकला आणि फ्रेंच बाळांचा पहिल्या अक्षरावरच्या जोराने, म्हणजे प्रत्येकाला आपल्या भाषेत न बसणारा साचा खटकला. शब्दांचे अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी मेंदूने घरच्या भाषेचे वळण उचललेले असते.

या वळणाचा उपयोग पुढे शब्द सुटे करण्यासाठी होतो, कारण बोलताना आपण दोन शब्दांमध्ये थांबत नाही. इंग्रजी ऐकणारी साडेसात महिन्यांची बाळे जोर आला की तिथे शब्द सुरू झाला असे धरतात. म्हणून "गिटार इज" ऐकल्यावर त्यांना "टारिज" असा शब्द असल्यासारखे वाटते. ही चूक साडेदहा महिन्यांच्या सुमारास सुटते, कारण तोवर इतर खुणाही हाताशी आलेल्या असतात. मराठीत जोराची जागा बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. जर्मनमध्ये मात्र "उमफारेन" या एकाच शब्दाचा अर्थ, जोर पहिल्या अक्षरावर असेल तर धडकून पाडणे आणि मधल्या अक्षरावर असेल तर वळसा घालून जाणे, असा होतो. तुमच्या मुलीला या दोन्ही सवयी लागतील.

गोंधळाविषयी: व्हँकूव्हर येथे 2010 मध्ये, ज्यांच्या आया गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधली एक भाषा) या दोन्ही भाषा बोलत होत्या अशा नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यांनी दोन्ही भाषांकडे लक्ष दिले आणि दोन्ही वेगळ्याही ओळखल्या. भाषांच्या लयी भिन्न असणे ही अडचण नाही, उलट भाषा वेगळ्या ठेवण्याचा तो बाळाचा पहिला आधार आहे. एकच भाषा बोलण्याचा तो सल्ला तुम्ही मनावर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते.

उत्तर ३ (संगणकीय भाषाविज्ञान, बंगळूर)

एक सावधगिरी नोंदवतो. भाषांचे लयीनुसार काटेकोर गट पाडण्याची जुनी पद्धत मोजमापांत तितकी टिकलेली नाही. एकाच भाषेत बोलणाऱ्यानुसार आणि मजकुरानुसार आकडे बरेच बदलतात, म्हणून मराठीला घाईने एखाद्या गटात टाकू नये. मेंदूच्या अंगच्या लहरी बोलण्याशी जुळवून घेतात, की प्रत्येक चढावाला मेंदू केवळ नवा प्रतिसाद देतो, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र बाळांना लयीतले फरक कळतात, या निष्कर्षाला यामुळे बाधा येत नाही.

प्रश्नकर्ती

तिघांचेही आभार. ही लय पुढे वाचायला शिकतानाही उपयोगी पडते का? माझ्या भावाला लहानपणी वाचन फार जड गेले होते, म्हणून विचारते.

उत्तर २ (पुन्हा)

तसा संबंध दिसतो. वाचन-अक्षमता असलेल्या अनेक मुलांना आवाज किती झपाट्याने चढतो यातला फरक टिपणे अवघड जाते आणि त्यांच्या मेंदूत संथ ठेक्याचा मागोवाही कमी नेमका आढळला आहे. तुमच्या मुलीबाबत यावरून आजच काही ठरवता येणार नाही. ती आवाजाकडे वळते आहे आणि ओवीने शांत होते आहे, ही चांगली चिन्हे आहेत. जन्मानंतरची श्रवणचाचणी जर्मनीत 2009 पासून सर्व बाळांसाठी असते. तिचा अहवाल जपून ठेवा, आणि कधी तिने आवाजाकडे वळणे कमी केले, तर वाट न पाहता कान पुन्हा तपासून घ्या.