सत्ता बदलली की शहर बदलते? थेस्सालोनिकीविषयी एक शंका

प्रश्न (जळगाव):
ग्रीसमधील थेस्सालोनिकी या बंदराच्या शहरावर मी एक टिपण लिहीत आहे. इ.स.पू. ३१५च्या सुमारास मॅसेडोनियाचा सत्ताधीश कसँडर याने ते वसवले आणि सिकंदराची सावत्र बहीण असलेल्या आपल्या पत्नीचे नाव त्याला दिले. पुढे रोमन, बायझंटाईन, सात वर्षे व्हेनिस, १४३०पासून उस्मानी (ऑटोमन तुर्क) आणि १९१२पासून ग्रीक अशा राजवटी आल्या. खानदेशाच्या इतिहासाचे आपण फारुकी, मोगल, मराठे, इंग्रज असे कप्पे पाडतो, तसेच येथेही पाडावेत का?

उत्तर (चोपडा):
कप्पे पाडा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. १९१२ साली निशाण बदलले, तरी धक्क्यावरचे हमाल बव्हंशी ज्यूच राहिले आणि शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे धार्मिक विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे पुढची काही वर्षे त्या दिवशी बंदराचे काम थांबत असे. १४९२ साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांचे हे वंशज चारशे वर्षांनंतरही घरात स्पॅनिश वळणाची लादिनो बोलत. शहर खरे पालटले ते माणसे गेली तेव्हा: १९२३च्या करारानुसार मुसलमान तुर्कस्तानात गेले आणि आशिया मायनरचे ग्रीक निर्वासित आले, १९४३ साली जर्मनांनी ४०,००० हून अधिक ज्यूंना आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेले, त्यांतले फारच थोडे परतले.

उत्तर (बऱ्हाणपूर):
दादांचे म्हणणे पटते, परंतु इमारतींकडेही पाहावे. रोमन बादशहा गलेरियसच्या काळातील रोटुंडा ही गोल घुमटाची वास्तू आधी चर्च झाली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस मशीद झाली आणि १९१२नंतर पुन्हा ख्रिस्ती झाली. तरी तिच्या आवारातला मिनार आजही उभा आहे. रोटुंडाची मशीद झाली, साधारण त्याच काळात आमच्या गावच्या जामा मशिदीत आदिलशहा फारुकीने अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरवला. (बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशाची राजधानी हेच, हे जळगावकरांनी विसरू नये!) तिकडचे थर एकावर एक चढले, इकडे एकाच राजवटीने दोन लिप्या एका छताखाली आणल्या, त्यामुळे तुलना फार ताणू नये.

प्रश्नकर्ता (जळगाव):
दोघांचेही आभार. राजवटींची यादी आता परिशिष्टात जाईल. थेस्सालोनिकीच्या विद्यापीठाची जागा मात्र माझ्या कोणत्याच कप्प्यात बसत नव्हती: ते ज्यूंच्या ज्या जुन्या कब्रस्तानावर उभे आहे, ते १९४२च्या अखेरीस जर्मन अमलाखाली उखडले गेले आणि तेथील कबरींचे दगड शहरभर बांधकामाला वापरले गेले. टिपणाची सुरुवात त्या दगडांपासूनच करतो.