अ‍ॅम्पसाठी परवडणारी पॉवर केबल सुचवा (बजेट तोकडं आहे)

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. एक इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, एक डॅक (डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा) आणि एक सीडी प्लेअर, एवढाच माझा संसार. अ‍ॅम्पसोबत आलेली काळी केबल जेमतेम सव्वा मीटर. रॅक भिंतीपासून पुढे ओढल्यापासून ती ताणलेलीच असते. बदलायचीच आहे तर जरा बरी घ्यावी म्हणतो. बजेट: तिन्ही केबली मिळून अ‍ॅम्पच्या किमतीचा विसावा हिस्सा. वर छदामही नाही. अ‍ॅम्प आणि डॅकला नेहमीचं तीन पिनांचं सॉकेट (सी१४) आहे, सीडी प्लेअरला ते इंग्रजी आठासारखं. आणखी एक, रात्री सगळं शांत झालं की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येतं. केबल बदलल्यावर तेही जाईल का?

स्वरपिपासू
बजेट थोडं वाढवा, पस्तावणार नाही. मी अ‍ॅम्पच्या निम्म्या किमतीची एकच केबल घेतली. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. शंभर तास वाजू दिल्यावर मात्र तंबोऱ्याची जवारी अशी खुलली की बस्स. घरातल्यांना फरक जाणवत नाही, पण त्यांचे कान तयार नाहीत.

ओहमराव
विसावा हिस्सा म्हणालेत ते. निम्मा नव्हे.
हिशेब करू. पाऊण स्क्वेअर (म्हणजे चौरस मिलिमीटर, तारेची जाडी) तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे साधारण ०.०२६ ओहम, दीड स्क्वेअरचा ०.०१३ च्या आसपास. दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार. अ‍ॅम्पने २ अँपिअर ओढले (एरवी घरात ऐकताना तेवढे ओढत नाही) तरी पाऊण स्क्वेअरमध्ये ०.२ व्होल्ट पडणार, दीडमध्ये ०.१. शेजारच्या खोलीतला फ्रीज चालू झाला की याहून जास्त हलतं. भिंतीतून तुमच्यापर्यंत कितीतरी मीटर साधी वायर येते, शेवटचे दोन मीटर सोन्याचे करून काय होणार?
जुन्या कॉम्प्युटरची केबल असेल तर तीच लावा. तुमच्या सी१४ मध्ये बसणारं सी१३ टोक असतं, १० अँपिअरचं.

जुना_खटारा
जाड केबलीच्या नादी लागू नका, माझं ऐका. मनगटाएवढी, बागेतल्या पाण्याच्या नळीसारखी ताठ केबल घेतली होती. वाकता वाकेना. रॅकच्या मागे जागा वीतभर. कोंबून बसवली. चार महिन्यांनी अ‍ॅम्प मधूनच बंद पडायला लागला. उघडून पाहिलं तर मागच्या सॉकेटचे सोल्डरचे डाग तडकलेले. केबलच्या वजनाने सॉकेट रोज थोडं थोडं खाली ओढलं जात होतं. दुरुस्तीला केबलपेक्षा जास्त गेले. दुकानदार वर म्हणतो, 'आधार द्यायचा होता खालून.' आधी बोलला असतास तर!

स्वरपिपासू
खटाराभाऊ, आधार न देता लावलीत यात केबलचा काय दोष? आणि ओहमराव, सगळं आकड्यांत मावत नाही हो. तुम्ही ऐकून बघितलीय का?

ओहमराव
बघितलीय. डोळे झाकून. दुसऱ्या माणसाला केबली बदलायला लावल्या, कधी कोणती ते मला न सांगता. मी नाणं उडवावं तसं सांगत होतो. तुम्हीही करून बघा, वीस वेळा.

नादखुळा२
माझ्या केबलवर बाण छापलाय. तो अ‍ॅम्पकडे ठेवायचा की भिंतीकडे?

ओहमराव
एसी आहे ती! सेकंदाला ५० किंवा ६० वेळा उलटसुलट होते. बाण घेऊन कुठं निघालात?

स्वरपिपासू
शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) एकाच टोकाला जोडलेली असेल तर बाण त्यासाठीही असू शकतो. सरसकट हसू नये.

ओहमराव
हे मात्र मान्य.

तारेवरची_कसरत
+१ कॉम्प्युटरच्या केबलला. फक्त पाठीवर काय छापलंय ते वाचा. 'एच०५व्हीव्ही-एफ ३जी१.५' असं काही दिसलं तर तीन तारा, त्यात अर्थिंगची, प्रत्येकी दीड स्क्वेअर. काहीच छापलेलं नसेल तर ठेवा बाजूला. मी एक 'शुद्ध तांबं' म्हणून घेतली होती. हातात घेतली तेव्हाच हलकी वाटली. टोक ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! चुंबक लावून बघत बसू नका, अ‍ॅल्युमिनियमही चिकटत नाही आणि तांबंही.

जुना_खटारा
जाड नको, हे मी आधीच सांगितलंय.

डागडुजी_ताई
रिपेअरचं काम करते म्हणून लिहिते. घूंऽऽ केबलमुळे क्वचितच येतं. आधी कुठून येतं ते बघा. अ‍ॅम्पच्या पेटीला कान लावल्यावर ऐकू आलं तर ट्रान्सफॉर्मर, त्याला केबल काय करणार. स्पीकरमधून येत असेल तर अ‍ॅम्पला जोडलेलं सगळं एकेक करून काढा (आवाज खाली करून). ज्यावर घूं थांबेल तिथे चोर. बहुतेकदा दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलेलं असतं. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. सीडी प्लेअरची आठवाली केबल उलटी करून बसवा, कधी कधी त्यानेही फरक पडतो. पण अर्थिंगची पिन कापू नका, टेप लावू नका. तो उपाय सांगणारा कोणीतरी येईलच, त्याचं ऐकू नका.

नादखुळा२
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

डागडुजी_ताई
😀
अवांतर: केबल स्वतः बांधणार असाल तर तारेच्या टोकाला सोल्डर भरून स्क्रूखाली आवळू नका. सोल्डर दाबाने हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, मग प्लग तापतो. पिन थिंबल (तारेच्या टोकावर चढवायची धातूची टोपी) दाबून मगच आवळा. हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. मी माझ्या तिन्ही अशाच बांधल्या, तुमच्या बजेटमध्ये सहज बसतील.

मंद्रसप्तक
ताई, सापडला चोर! डॅकला टीव्हीचीही एक वायर येते, ते लिहायचं राहिलं होतं. टीव्हीच्या मागची डिशची वायर काढली आणि घूं गप्प. पुन्हा लावली, पुन्हा हजर. आता टीव्ही ते डॅक ऑप्टिकल केबल टाकली. त्यातून फक्त उजेड जातो, अर्थिंग जात नाही. पूर्ण शांतता.

ओहमराव
टीव्ही आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतंत तर एवढं रामायण झालं नसतं.

तारेवरची_कसरत
मग पॉवर केबल बदलायचं कारणच उरलं नाही. लांबीसाठी कॉम्प्युटरची लावा.

मंद्रसप्तक
कॉम्प्युटरची दीड मीटरचीच निघाली. बांधायला बसलो तर थिंबल दाबायची पक्कड नाही. शेवटी फक्त अ‍ॅम्पसाठी तीन मीटरची तयार केबल घेतली, वरून मरून रंगाची सुती वेणी असलेली. १ स्क्वेअर. छापलेलं वाचून घेतलंय. ऑप्टिकल धरूनही बजेटमध्ये बसलं. डॅक आणि सीडी प्लेअरच्या जुन्याच केबली ठेवल्या. खरं सांगायचं तर स्पीकरच्या लाकडाला रंग शोभतो म्हणून घेतली. आवाजात काडीचा फरक नाही, पण कालपासून चारदा रॅकच्या मागे वाकून बघून आलो.

ओहमराव
१ स्क्वेअर पुरे आहे. सुती वेणीचे पैसे मात्र फुकट.

जुना_खटारा
वजनाला कशी आहे?

स्वरपिपासू
फरक नाही असं इतक्यात म्हणू नका. शंभर तास होऊ द्या.