विषय: डोंगरातली जागा, लाकडं वाहायला गाडी: पोलारिस, होंडा की कुबोटा?

मंडळी, नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात वेस्ट व्हर्जिनियात १८ एकर जागा घेतली (का घेतली हे घरात अजून नीट सांगता आलेलं नाही). घर पायथ्याशी आणि जमीन सगळी मागे वर चढत गेलेली. मधून लाकूडवाल्यांचा जुना रस्ता आहे, तो पावसाळी दिवसांत नुसता राडा होतो. कामं तीन: वर पडलेले ओक कापून स्टोव्हसाठी खाली आणायचे, सफरचंदाच्या नव्या रोपांना वर पाणी न्यायचं आणि ड्राइव्हवेवर खडी टाकायची. म्हणून मागे माल टाकायचा उघडा बेड असलेली, कच्च्या वाटेवर चालणारी छोटी गाडी (यूटीव्ही) घ्यायची आहे. शिवाय पोरांनी हॅटफील्ड-मकॉय ट्रेल्सचे, म्हणजे अशा गाड्या पळवायच्या डोंगरवाटांचे, व्हिडिओ बघून ठेवलेत.

शोरूममधला माणूस सांगतो, पोलारिस रेंजर एक्सपी १०००ला ८२ हॉर्सपॉवर आणि कुबोटा आरटीव्ही-एक्स११००ला जेमतेम २५. आता ८२ कुठे नि २५ कुठे! तरी कुबोटावाले छाती काढून चालतात. कुणी वापरली आहे का?

— नवा जमीनदार

*

अहो जमीनदार,

आधी वजनाचं बघू. ओल्या ओकची एक कॉर्ड (चार बाय चार बाय आठ फुटांचा रचलेला ढीग) म्हणजे साधारण ५,००० पाउंड. या गाड्यांच्या मागच्या बेडमध्ये हजार पाउंडांच्या आसपास माल बसतो. रेंजरमध्ये १,०००, कुबोटात ११०२. म्हणजे कुठलीही घ्या, कॉर्डमागे पाच खेपा आल्याच. आणि लाकडं आहेत वर. तुम्ही वर रिकामे जाणार, खाली भरून येणार. उतारावर ८२ घोड्यांचं काय लोणचं घालायचंय?

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती, बेल्टची (इंजिनची ताकद चाकांकडे रबरी बेल्टने जाते ती). कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. ओंडके भरून उतरत होतो, गिअर ‘हाय’मध्येच, म्हणजे वेगाच्या गिअरात, राहिलेला. एके ठिकाणी नेहमीप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. या जुन्या बेल्टवाल्या गाड्यांत आरपीएम उतरले की क्लच बेल्टची पकड सोडतो, इंजिनचा ब्रेक लागतच नाही. गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखी सुटली. ब्रेकवर उभा राहिलो, जळका वास आला, मागचे ओंडके पाठीशी धडाधड आपटले आणि मी रोडोडेंड्रॉनच्या जाळीत. वेस्ट व्हर्जिनियाचं राज्यफूल आहे म्हणे. मी ते अगदी जवळून पाहिलंय. सीटचा पट्टा लावला होता म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे कसारा घाटातले ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. तेव्हा ते कानाआड केलं होतं.

नंतर कुबोटा घेतली. तिला बेल्टच नाही, हायड्रोस्टॅटिक आहे: इंजिन तेलाचा पंप फिरवतं, तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. पाय उचलला की तेल अडतं आणि गाडी आपोआप धीमी होते. लो गिअरात भरली गाडी गोगलगायीसारखी उतरते, ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागतो. तोटेही ऐका. किंचाळते, मिक्सरमध्ये चटणी लावल्यासारखी. ताशी २५-३० मैलांच्या पुढे जात नाही. डिझेल असल्याने कडाक्याच्या थंडीत इंधन गोठतं, अ‍ॅडिटिव्ह घालावं लागतं. आणि हायड्रोस्टॅटिकचं तेल नि फिल्टर वेळेवर बदलण्यात चालढकल चालत नाही.

हल्लीच्या कित्येक बेल्टवाल्या गाड्यांना इंजिन ब्रेकिंग असतं. रेंजर घेणार असाल तर ज्या मॉडेलला ते आहे तेच घ्या, आणि ओझं असेल तेव्हा कायम ‘लो’मध्ये चालवा. जड माल भरून हायमध्ये हळूहळू रांगलात तर बेल्ट जळतो.

पाण्याचं वेगळं. ६५ गॅलनची टाकी भरली की साधारण ५४० पाउंड, पण अर्धी भरलेली टाकी जास्त वाईट. वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला तिकडेच ओढतं. पूर्ण भरा, नाहीतर लहान टाकी घ्या. आणि उतारावर आडवं जायचं नाही. सरळ वर, सरळ खाली. बिनब्रेकचा ट्रेलर उतारावर मागून ढकलतो, त्याची हौस करू नका.

— मॉर्गनटाउनचे काका

*

काकांशी सहमत, पण पोरांचं काय?

आम्ही हॅटफील्ड-मकॉयला दरवर्षी जातो. २००० साली सुरू झालेलं हे ट्रेलचं जाळं आता हजार मैलांच्या वर गेलंय, आणि नाव पडलंय टग फोर्क नदीच्या दोन काठांवरच्या त्या दोन घराण्यांच्या हाडवैरावरून. (आपल्याकडच्या भाऊबंदकीला नुसता बांध पुरतो.) माणशी परमिट आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. हिरव्या पाट्या सोप्या, निळ्या जरा कठीण, काळ्या वाटेला पहिल्या फेरीत जाऊच नका.

तिथे काकांच्या कुबोटाने तुम्ही दिवसभर सगळ्यांची धूळ खाल आणि संध्याकाळी कंबर धराल. आमच्याकडे होंडा पायोनियर १०००-५ आहे. तिलाही बेल्ट नाही, मोटारीसारखे खरेखुरे गिअर आहेत, त्यामुळे उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं. मागच्या दोन सीट बेडमधूनच वर येतात. शनिवारी खडी, रविवारी पोरं. फक्त रविवारी सकाळी बेड धुवायची जबाबदारी कुणाची हे आधीच ठरवा. आमच्याकडे ते कधी ठरलंच नाही.

एक लक्षात ठेवा, नॅशनल फॉरेस्टमधल्या काही वाटा ५० इंच रुंदीच्या गाड्यांपुरत्याच असतात. यातली कुठलीच त्यात बसत नाही.

— चार्ल्सटनची वहिनी

*

आपल्या महिंद्राचा रॉक्सॉर कुणालाच आठवला नाही? मिशिगनमध्ये जुळणी, अडीच लिटरचं डिझेल, पाच गिअरची काठी, खाली पोलादी चेसी. आजोळी एसटी चुकली की जीपमध्ये मागे लटकून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. जीपसारखी दिसते म्हणून कोर्टकज्जे झाले, मग तोंडवळा बदलावा लागला. उतारावर पहिल्या गिअरात, लो रेंजमध्ये टाका आणि चहा प्या. फक्त मागची जागा बेतास बात, खडी ओतायला मागे कलणारा बेड नाही आणि रस्त्यावर न्यायची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

— एक भाबडा देशप्रेमी

*

सगळ्यांचे आभार.

शनिवारी काकांकडे जाऊन आलो. त्यांनी बेडमध्ये चुलीएवढे सहा ओंडके टाकले, मला चाकावर बसवलं आणि उताराच्या तोंडाशी म्हणाले, “आता पाय उचल.” उचलला. गाडी थांबली. सोबत आलेल्या आमच्या ‘ही’ने पहिल्यांदाच या जागेबद्दल बरा शब्द काढला.

तर सेकंडहँड एक्स११०० बघतोय. ट्रेल्ससाठी वर्षातून एकदा तिथेच भाड्याने गाडी घेऊ; वहिनी, मेच्या लाँग वीकेंडला तुम्ही असाल का? आणि कलणारा बेड हायड्रॉलिकच (तेलाच्या दाबाने उचलला जाणारा) घ्यावा की हाताचा चालेल, हे कुणी सांगेल का? हाताने उचलायच्या बेडची एक बरीच स्वस्तात मिळतेय.

— नवा जमीनदार

*

हायड्रॉलिक. खडी भरून एकदा हाताने उचलून बघा, मग मला फोन करा.

— काका