फिल्टर रात्री कुठे ठेवावा?
ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या हर की दून खोऱ्यात ट्रेकला जाताना पाण्याच्या बाटल्या वाहण्यापेक्षा पाणी गाळायचा छोटा फिल्टर बरा, हे एकाने मांडलेले मत मला पटते. मात्र तो रात्री कुठे ठेवावा, हे त्यात आले नाही आणि खरा धोका तिथेच आहे. पोकळ तंतूंच्या, म्हणजे बारीक नळ्यांसारख्या धाग्यांतून पाणी गाळणाऱ्या, फिल्टरमध्ये वापरानंतर थोडे पाणी उरतेच, ते गोठले की तंतूंना तडे जाऊ शकतात, आणि फिल्टर बाहेरून धड दिसला तरी त्यावर विसंबता येत नाही.

सुमारे ३,५०० मीटरवरच्या हर की दूनच्या कुरणात पहाटे आमच्या तंबूला आतून हिमकण चिकटले होते आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहिलेला फिल्टर दगडासारखा झाला होता. पुढचे तीन दिवस पाणी उकळूनच प्यालो. तेव्हापासून मी तो झटकून, पिशवीत बांधून, स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवतो.