तीन गाड्या, तीन गिअरपद्धती: कोणती ठेवावी?

प्रश्न: कृष्णाकाठ (वाई)

माझे वय ६८ आहे. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत कालव्यांच्या पाहणीसाठी रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरावे लागे, त्यामुळे आयुष्यभर मोटारसायकल हेच माझे वाहन राहिले. १९७७ साली वडिलांच्या राजदूतवर चालवायला शिकलो. तीन गिअरांच्या त्या गाडीत पेट्रोलबरोबर मोजून ऑइल घालावे लागे. ते नीट मिसळले नाही, तर पहिल्याच चढाला ती मान टाकी. पुढे १९८२ मध्ये येझदी रोडकिंग घेतली, १९८८ मध्ये आरएक्स १०० (मुलीच्या शिक्षणासाठी ती विकली, त्याचे अजून वाईट वाटते), १९९३ मध्ये बुलेट ३५० आणि १९९९ मध्ये स्प्लेंडर.

येझदी, बुलेट व स्प्लेंडर आजही पत्र्याच्या शेडमध्ये चालू स्थितीत आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचे नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हा खर्च तिन्हींसाठी करणे आता निवृत्तिवेतनात जड जाते. शिवाय उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे, आणि बुलेटची किक उजवीकडेच आहे. अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा दांडा) दाबून, पिस्टन योग्य जागी बसवल्याशिवाय घाईने किक मारली, तर ती उलटी येऊन नडगी फोडते, हे बुलेटवाल्यांना सांगायला नको. तरीही सेल्फ (बटणाने गाडी सुरू करणारा स्टार्टर) बसवून बुलेटच ठेवावी आणि बाकी दोन्ही देऊन टाकाव्यात, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

पान्हा-पक्कड (कराड)

काका, गेली तीस वर्षे गॅरेज चालवतो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. गुडघ्याची अडचण सेल्फने सुटेल; माझी काळजी पायांच्या सवयीची आहे. तुमच्या तिन्ही गाड्यांची गिअर टाकण्याची रीत वेगवेगळी आहे. रोडकिंगला गिअर डावीकडे, पहिला खाली आणि पुढचे तीन वर. स्प्लेंडरलाही डावीकडे, पण चारही खाली. तुमच्या जुन्या बुलेटला मात्र गिअर उजवीकडे, पहिला वर आणि बाकीचे खाली. ब्रेक डाव्या पायाशी.

आता समजा, महिनाभर तुम्ही स्प्लेंडरवर बाजारहाट केला आणि एका रविवारी बुलेट काढली. समोर अचानक कुत्रे आडवे आले, तर पाय विचार करून हलत नाही. तो उजवीकडे खाली दाबला जातो, आणि बुलेटवर तिथे ब्रेक नसून गिअरचा दांडा आहे. दाबला की गाडी वरच्या गिअरमध्ये जाते आणि वेग तसाच राहतो. रोडकिंग आणि स्प्लेंडर यांच्यात गल्लत झाली, तर फार तर चुकीचा गिअर पडेल, इंजिन ओरडेल. ब्रेक मात्र दोन्हींवर उजव्या पायाखालीच सापडतो. अशा घसरलेल्या बुलेट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि मालक बहुतेक वेळा रस्त्यावरच्या खडीला दोष देतो.

सह्यभटक (पुणे)

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. मी बावीस वर्षे उजव्या गिअरचीच बुलेट चालवतो आणि असा गोंधळ माझ्या बाबतीत एकदाही झालेला नाही. अर्थात माझ्याकडे दुसरी गाडी नाही, हेही कबूल केले पाहिजे. त्यामुळे काकांना बुलेट ठेवायची असेल तर तेवढी एकच ठेवावी, आणि दूध-भाजी आणायलाही तीच न्यावी. मग सवयीचा प्रश्न उरत नाही. मात्र वाईच्या मंडईतल्या गर्दीत ते वजन ढकलत मागे घेणे कितपत जमेल, याचा विचार त्यांनीच करावा.

नाशिककर ताई

माझ्या वडिलांची आरएक्स १०० आता मी चालवते. काका, जी गाडी द्याल ती हयातीतच रीतसर नावावर करून द्या. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. मालकाच्या पश्चात मात्र नमुना ३१, वारसांची कागदपत्रे आणि भावंडांच्या संमतीपत्रांसाठी धावपळ, हे सारे आम्ही वडिलांच्या दुसऱ्या गाडीसाठी अनुभवले आहे.

दुसरे असे की, टू-स्ट्रोक गाडी (म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइल जाळणारी, तुमच्या येझदीसारखी) शोभेसाठी ठेवू नये. उभी राहिली की क्रँकची ऑइल सील वाळतात, तिथून हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण बिघडते आणि इंजिन तापून पिस्टन अडकून बसतो. आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावाही शोषते. म्हणून गाडी दोन-तीन आठवडे काढणार नसाल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा. आमच्या आरएक्सची जुनी रबरी नळी या पेट्रोलने फुगली, तेव्हा हे शिकले.

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांचे आभार. पान्हा-पक्कड यांचे उत्तर वाचून जे लिहायचे टाळले होते ते लिहितो. गेल्या महिन्यात पसरणी घाट उतरताना वळणावर एसटी समोर आली आणि माझा उजवा पाय बुलेटच्या गिअरवर पडला. पुढच्या ब्रेकने वाचलो; घरी सांगितले नाही. मीही तेव्हा खडीलाच दोष दिला होता.

तेव्हा बुलेट पुतण्याच्या नावावर करण्याचे ठरवले आहे. त्याने दुसरी गाडी कधी चालवलेलीच नाही, त्यामुळे त्याचे पाय तिच्यावरच घडतील. स्प्लेंडर कामासाठी राहील. तिची किक तर हातानेही बसते. रोडकिंग देऊन टाकण्याचा माझा विचारच चुकला होता; तीही ठेवतो. तिचा गिअरचा दांडा वळवला की तोच किक होतो आणि तो डावीकडे असतो, म्हणजे गाडीवर बसून डाव्या पायाने मारता येतो. दुखऱ्या गुडघ्याला त्रास नाही. माझ्या गाडीचा दिवा सहा व्होल्टचा, समईइतका उजेड देणारा, त्यामुळे ती दिवसाच निघेल. दर रविवारी सकाळी मेणवलीपर्यंत जाऊन येईन, म्हणजे ताईंनी सांगितलेली सीलही वाळणार नाहीत.

पान्हा-पक्कड, रोडकिंगचा पेट्रोल कॉक ठिबकतो आहे. वॉशर तुमच्याकडे मिळेल काय?