मदत हवी आहे: मराठी आणि आयरिश दोन्हीकडे चालेल असं बाळाचं नाव

नमस्कार मंडळी, भाऊ डब्लिनला असतो, वहिनी आयरिश आहे आणि पुढच्या महिन्यात बाळ येतंय. आत्या मी, म्हणजे कानात कुर्रर्र करायचं काम माझ्याकडे, म्हणून दोन आठवडे नावंच शोधतेय.

मुलगा झाला तर किरण असं माझं जवळपास ठरलं होतं, उच्चार तिकडेही जमतो कारण त्यांच्यात किअरन आहेच. वहिनीला अर्थ विचारला तर म्हणाली "छोटा काळासावळा", कारण त्यांच्या भाषेत किअर म्हणजे काळा. आपल्याकडे उजेडाची तिरीप आणि तिकडे बरोब्बर उलटं! आई म्हणते राहू दे की, कृष्ण पण सावळाच होता. मला ते पटलंय पण भावाला नाही.

मुलगी झाली तर तारा. तिकडे मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, जुन्या आयरिश राजांची गादी तिथली, आयरिशमधे तिला चाव्हर की काय म्हणतात, म्हणजे आपल्या चांदणीशी काही संबंध नाही. पण मला डोळ्यासमोर महाराणी ताराबाईच येतात, त्यामुळे चालेल. फक्त सासूबाई वालीची बायको तारा म्हणून नाक मुरडतायत.

वहिनीची आवड नीव, अर्थ तेज, स्पेलिंग मात्र असं की आपण वाचलं तर निआम्ह होईल 😅

तर अजून अशी दोन्हीकडे बसणारी नावं सुचवा ना, विशेषतः मुलाची. नील सोडून, तो चुलत भावाचा मुलगा आहे.